आधी चंद्र, मग चहा

शाळेत रुजू झाले त्या दिवशी बसायला खुर्ची मिळण्याआधी मला प्रश्न मिळाला.

हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूरकडची एसटी, मध्येच एका फाट्यावर उतरून जीप, असं करत मी त्या तालुक्याच्या गावी पोचले होते. जून उलटत आला होता आणि आभाळ कोरं होतं. हातात ट्रंक, पदरावर धूळ अशा अवस्थेत शिक्षकांच्या खोलीत शिरले, तर खिडकीपाशी बसलेले एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उठून उभे राहिले. त्या उकाड्यातही अंगात काळा कोट. त्यांनी नमस्कार केला. स्वतःचं नाव सांगितलं नाही, माझंही विचारलं नाही.

“बाई, एक सांगा. आपल्या देशानं चंद्रावर जावं का न्हाई?”

मला वाटलं, नव्या बाईची थट्टा चाललीय. पण बाकीचे शिक्षक हसत नव्हते, उत्तराची वाट बघत होते. चित्रकलेचे सर म्हणाले, “सांगून टाका बाई. इथं असंच असतं. आधी चंद्र, मग चहा.”

मी प्रवासानं वैतागलेली. म्हणाले, “प्यायला पाणी न्हाई अन् चंद्रावर कशाला जायचं? काय आणायचंय तिथून?”

त्यांचा चेहरा एकदम फुलला. “वा! बसा, बसा,” म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडं सरकवली. “इथं समदे ‘हाव सर, जावं सर’ म्हणून मोकळे होतात. चहा थंड होतो ना! तुमी भांडणाऱ्या दिसता. बरं झालं आलात.”

रोजे चालू होते. स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या त्या माणसानं माझ्यासाठी चहा सांगितला, आणि मी तो पिऊन होईपर्यंत चंद्राबद्दल एक शब्द काढला नाही. बशी खाली ठेवली तसे म्हणाले, “हां. आता बोला. कामून जाऊ नये?”

ते भूगोल शिकवायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. गाव त्यांना चांदसर म्हणायचं. त्यांच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही. पोस्टमन, भाजीवाली, पोराला पास करा म्हणून आलेला बाप, सगळ्यांना आधी तो एक प्रश्न. एकदा न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेली असताना वाद पेटला. न्हावी म्हणाला, माणूस चंद्रावर गेला ही थापच आहे. हे तसेच अर्ध्या दाढीनं, गळ्यात टॉवेल, बाजारातून चालत शाळेत आले, पृथ्वीचा गोल काखेत मारला आणि परत गेले. न्हाव्याचं मत बदललं नाही. दाढी मात्र त्यानं फुकट करून दिली.

वर्गात पृथ्वी म्हणून डांगर, म्हणजे लाल भोपळा, असायचं आणि चंद्र म्हणून लिंबू. डांगर एका पोरानं डोक्यावर धरायचं, दुसऱ्यानं लिंबू घेऊन त्याच्याभोवती फिरायचं. ग्रहण शिकवून झालं की दोन्ही पिशवीत घालून ते घरी न्यायचे, कारण ती भाभीनं दिलेली असायची, मोजून. “काल चंद्र वरणात पिळला,” असं ते दुसऱ्या दिवशी गंभीरपणे सांगायचे.

भाभी म्हणजे त्यांची बायको. तिची आणि माझी गाठ पडली ती खोलीपायी. गावात मी खोली शोधत हिंडत होते. घरं रिकामी असायची, पण माझं आडनाव सांगितलं की ती भरलेली निघायची. कुणाचा भाचा येणार असायचा, कुणाचा पुतण्या. मी काही बोलले नव्हते, पण सरांच्या ध्यानात आलं. म्हणाले, “आमच्या माडीवर एक खोली हाय. पन मालकीण मी न्हाई, भाभी हाय. तिचा इंटरव्ह्यू कडक असतो.”

संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले. आत शिवणाची मशीन धडधडत होती. ती थांबली आणि आवाज आला, “क्या जी, बच्ची को दरवाजे में कायकू खडा कर को रखे?” मग एक ठेंगणी, गोरी, डोळ्यांवर जाड चष्मा असलेली बाई पुढं आली. तिनं माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. एकच विचारलं.

“पाणी किती वापरतीस?”

“एक घागर. धुणं असलं तर दोन.”

“केस लांब हायत तुझे,” ती संशयानं म्हणाली. “बरं. रविवारीच धुवायचे.”

इंटरव्ह्यू संपला.

नवरा-बायको आपसात दखनीत बोलायचे. भांडण मराठीत सुरू झालं की समजायचं, माडीवरच्या बाईला साक्षीला बोलावलंय. मशीनवर बसून भाभी ऐकत असायची. पटलं नाही की पाय जोरात चालायचा. फारच पटलं नाही की मशीन थांबायची, आणि मग सरांची धडगत नसायची.

मी यायच्या थोडं आधी आपला एक माणूस रशियाच्या यानात बसून वर जाऊन आला होता. ती बातमी रेडिओवर ऐकून सरांनी हेडमास्तरांना न विचारता शाळेची घंटा वाजवली आणि पोरांना सुट्टी देऊन टाकली. त्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती फ्रेम करून भिंतीवर लावली होती. भाभी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायची आणि म्हणायची, “गेला ना वर? मग त्याला विचारा, आमचा टँकर कुठं अडकलाय ते दिसलं का वरून?”

ईदचा चांद बघायला गल्लीतली माणसं सरांच्या गच्चीवर जमायची. भूगोलाचा मास्तर, त्याला ठाऊक असणार कुठं बघायचं ते. त्या वर्षी मीही वर गेले. सूर्य बुडाला आणि कुणी बोट करायच्या आधीच कोर दिसली, नखाएवढी, स्वच्छ. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. सर माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, “ईद मुबारक, बाई. पन खरं सांगू? औंदा मला ढगात हरवलेला चांद पायजे होता.”

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग अजून ओला. आधी कुठल्याही कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता जिल्हा जवळ आला म्हणजे पाणीही जवळ आलं, असा लोकांचा भाबडा हिशेब. त्या वर्षी पाऊस असा पडलाच नाही. दिवाळीपर्यंत विहिरी बुडाशी गेल्या, संक्रांतीला नळ कोरडे झाले. टँकर यायचा तेव्हा यायचा. आईचं पत्र आलं, की ती रोजगार हमीवर खडी फोडायला जातेय. ते वाचून मी खाली आले ती भांडायलाच.

“सर, माझी आई ह्या वयात खडी फोडतेय. अन् तुमी चंद्राचं बोलता.”

त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, “तुमचे वडील काय करायचे?”

“जिनिंगमध्ये हमाल होते.”

“त्यांना कुणी म्हन्लं न्हाई का, घरात खायला न्हाई अन् पोरीला कॉलेजात कामून घालतोस?”

“म्हणायचे की. सगळी गल्ली म्हणायची.”

“त्यांनी ऐकलं का?”

मी आईच्या पत्राची घडी घातली.

“गरिबानं आधी भाकरीचं बघावं, बाकीचं मग, असं सांगणारे समदे जेवून आलेले असतात बाई,” सर म्हणाले. “हा देश तुमच्या वडलांसारखा हाय. त्याला कुणी म्हणू नये, तुझी लायकी खडी फोडायची, तू वर बघू नको.”

मशीनचा पाय हळू झाला होता, पण थांबला नव्हता.

मला झोपेपर्यंत उत्तर सुचलं नाही. सकाळी सुचलं. शाळेच्या वाटेवर म्हणाले, “सर, माझ्या वडलांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला. दुसऱ्याच्या घागरीतलं पाणी न्हाई काढलं. चंद्राचा चिमटा कुणाच्या पोटाला बसतो, ते सांगा.”

ते चालताचालता थांबले.  त्या दिवशी पाचवीच्या पोरांना नकाशा रंगवायला लावून खिडकीबाहेर बघत बसले. शाळा सुटल्यावर माझ्याजवळ आले. “मुद्दा भारी हाय तुमचा. माझ्याकडं उत्तर न्हाई. पन मी चंद्र सोडणार न्हाई, हे पन सांगून ठेवतो.”

आणि मग ते बोअर आलं.

आमच्या वॉर्डाला एक बोअर मंजूर झालं. एकच. वॉर्डात सरांची गल्ली होती, भीमनगर होतं, आणि बाजाराकडची घरं होती. भूजल खात्याचा एक तरुण साहेब लातूरहून जीपनं आला, आणि शाळेतलं टेबल मोठं म्हणून त्यानं आपला नकाशा आमच्या खोलीत पसरला. उपग्रहानं वरून काढलेल्या फोटोवरून केलेला नकाशा. सर त्यावरून बोट फिरवत राहिले. “वरून काढलाय, बाई. वरून!”

साहेबानं पेन्सिलीनं दाखवलं. खडकात भेगा असतात, त्या वरून अशा रेघांसारख्या दिसतात. भेग असेल तिथं पाणी असू शकतं. एक रेघ भीमनगरच्या मागच्या कोरड्या ओढ्यापाशी होती.

गावात एक पाणाड्या होता. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो रानातून चालायचा. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. म्हातारा माणूस, सगळ्यांचा विश्वास. त्याचा नारळ चौकातल्या कडुलिंबाखाली उभा राहिला. वॉर्डात दोन तट पडले. बाजाराकडच्यांना लिंब सोयीचा होता, आणि भीमनगरच्या मागं पाण्याला जायचं काहींच्या जिवावर आलं होतं, ते कुणी बोलून दाखवत नसलं तरी.

शाळेच्या मैदानावर बैठक झाली. सर उठले. एरवी लांबण लावणारे सर त्या दिवशी थोडकंच बोलले. “आजवर आपण नारळाला विचारलं. एकदा आभाळाला विचारून बघू. पाणी तिथं हाय. हाय म्हन्जे हाय!” त्या आवाजात काहीतरी होतं. हात वर झाले. भीमनगरचे सगळे, गल्लीतले सगळे, आणि बाजाराकडचेही बरेच.

बोअरची गाडी आली त्या सकाळी बाया घागरी घेऊनच आल्या होत्या. मशीननं जमीन हादरायला लागली. भोकातून करडी भुकटी उडत होती, माणसांच्या भुवयांवर बसत होती. ती ओली दिसली की पाणी. सर अगदी पुढं उभे, काळा कोट राखेसारखा झालेला. पाइपामागून पाइप खाली जात होते. भुकटी कोरडीच. दुपार कलली. गाडीवाल्यानं साहेबाकडं बघितलं, साहेबानं मान हलवली. मशीन बंद झाली आणि इतकी शांतता पसरली, की एका बाईनं घागर उचलताना झालेला बांगड्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

साहेब सरांना म्हणत होता, “मी शक्यता म्हणालो होतो सर. शक्यता.”

“हाव,” सर म्हणाले. “तुमी ‘असू शकतं’ म्हन्लात. ‘हाय’ मी म्हन्लो.”

दुसऱ्या दिवसापासून ते वॉर्डातल्या प्रत्येक घरी गेले. कुणी सांगितलं नव्हतं. दारात उभं राहायचं, “माझं चुकलं. मी खात्री दिली, ती द्यायला नको होती. माफ करा,” म्हणायचं आणि पुढच्या दारात जायचं. कुणी या बसा म्हणालं, कुणी दार लावून घेतलं. भीमनगरात एक एकटी म्हातारी राहायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मास्तर, माफी पिता येत न्हाई.”

सर परत आले, सायकलला दोन घागरी बांधल्या आणि लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर गेले. आधी म्हातारीचा रांजण भरला, मग घरचा. पुढं उन्हाळाभर त्यांनी हे केलं. कोट मात्र त्या दिवसानंतर अंगात दिसला नाही.

टँकरच्या रांगेत बाया बोलायच्या. एकदा मी आणि भाभी रांगेत होतो. पुढून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “चंद्रावरनंच आणा म्हणावं आता पाणी!” हशा झाला. भाभीनं घागर खाली ठेवली. मला वाटलं, हीही हसेल. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याच्या चंद्राची बाजू घेतली नव्हती.

“हसा,” भाभी म्हणाली. “मी पन हसते त्यांना, रोज हसते. पन एक सांगा. ह्या पाणाड्याचे किती नारळ कोरडे गेले, त्यानं कुणाच्या दारात येऊन सांगितलं का? तुमी मत दिलं त्या पुढाऱ्यांनी कधी सांगितलं का, की बाई, माझं चुकलं? माझा नवरा घरोघर हात जोडून आला. असा दुसरा दाखवा मला ह्या गावात. मग हसा.”

 भाभीनं घागर उचलली, आणि मध्येच पुढं सरकल्याबद्दल मागच्या बाईला दोन शब्द सुनावून परत आपल्या जागी उभी राहिली. घरी तिनं यातलं अक्षर सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही. “डोक्यावर बसतील,” म्हणाली.

पुढं काय झालं तेही सांगते. वर्षभरानं दुसरं बोअर मंजूर झालं. ते पाणाड्याच्या लिंबाखाली घेतलं. तेही कोरडं गेलं. पाणी लागलं ते त्याच्या पुढच्या वर्षी, शाळेच्या संडासामागं. बोअरची गाडी चिखलात रुतून तिथून हलेना, म्हणून वैतागून तिथंच मारलं होतं. सरांचं आणि माझं या तिन्ही बोअरांवरून पुढं कित्येक वर्षं भांडण चालू राहिलं. मी नांदेडला बदलून गेल्यावर पत्रातनं चाललं. आता ते नाहीत, भाभीही नाही, आणि चंद्राच्या बातम्या पेपरात पहिल्या पानावर येतात. त्या वाचताना माझी बाजू अजून पुरती ठरलेली नसते. पण मला आठवतो तो त्या उन्हाळ्यातला एक दिवस.

माफी मागून झाल्यापासून सरांनी चंद्राचं नाव टाकलं होतं. शिक्षकांच्या खोलीत नवा माणूस आला तर त्याला मुकाट्यानं चहा मिळायचा. चित्रकलेच्या सरांनी एकदा मुद्दाम विषय काढला, तर हे वही तपासत राहिले. घरातही तेच. सायकल, घागरी, जेवण, वह्या. मशीन एकसारखी, एकाच चालीत वाजायची. तिला थांबायला कारणच उरलं नव्हतं.

एका संध्याकाळी भाभी जिना चढून माझ्या खोलीत आली. ती कधी वर येत नसे, गुडघे दुखायचे तिचे. दम खात खाटेवर बसली.

“घर लई गप झालंय ग,” म्हणाली. “तू भांड की त्यांच्याशी. तुझ्याशी भांडायला त्यांना आवडतं.”

मी खाली गेले. सर अंगणात बसून सायकलची ट्यूब दुरुस्त करत होते. मी तयारी करून गेले होते. म्हणाले, “सर, मी खूप विचार केला. दुष्काळी देशानं चंद्रावर खर्च करणं म्हणजे पाप आहे. शुद्ध पाप.”

त्यांनी वर बघितलंही नाही. “बरोबर हाय तुमचं.”

 इतके दिवस त्यांच्याशी भांडले, पण कधीतरी ते हो म्हणतील आणि ते ऐकून इतकं वाईट वाटेल असं मनात आलं नव्हतं.  दारात भाभी येऊन उभी राहिली होती. ती आत गेली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मशीन सुरू झाली, जोरात चालली आणि खट्कन थांबली.

“काय बरोबर हाय?” आतून मराठीत आवाज आला. “मी म्हणते जावं चंद्रावर!”

सरांचा हात ट्यूबवर थबकला. “कोन, तू?”

“हौ, मी.” भाभी बाहेर आली, गळ्यात शिवणाचा टेप. “कामून जाऊ नये? लांब थोडंच हाय? इथून दिसतो एवढाच बिदरहून दिसतो. म्हंजे मधेच कुठंतरी असंल. अन् खर्च तरी कसला, कंदील पन न्यायला नको. त्याला स्वतःचा उजेड हाय.”

“स्वतःचा न्हाई,” सर अभावितपणे म्हणाले. “सूर्याचा उजेड असतो तो.”

“रात्री कुठला आला सूर्य?”

“अगं, रात्र आपल्याकडं असते. सूर्य काय विझतो का?”

“तुमी गेले होते का बघायला?”

“बघायला जावं लागत न्हाई! बाई, सांगा हिला!” सर उठून उभे राहिले. हात चिकट सोल्यूशननं भरलेले. “बिदरहून दिसतो म्हणे! मुंबईहून पन तेवढाच दिसतो, मक्केहून पन तेवढाच दिसतो, कारण तो इतका लांब हाय की...”

“लांब असू द्या. जायचं म्हणजे जायचं. गरिबानं काय जन्मभर जमिनीकडंच बघत बसायचं का?”

“अन् पैसा? पैसा कुठून आणणार? आधी टँकर आणायला सांग तुझ्या सरकारला!” सर ओरडले. आपण कुणाच्या बाजूनं बोलून राहिलोय याचं त्यांना भान नव्हतं. भाभीच्या चष्म्याआडच्या डोळ्यांत पाणी होतं की घाम, मला सांगता येणार नाही. पण तिनं माघार घेतली नाही. “टँकर टँकर काय लावलंय सारखं? मोठ्या गोष्टी करायच्या तर टँकर मोजून चालतं का?” तिनं कमरेवर हात ठेवले. सरांनीही ठेवले.

मी हळूच अंगणाबाहेर पडले. दोघांचे आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होते. समोरच्या घरातली बाई काळजीनं ओट्यावर आली होती, टँकरच्या रांगेत हसली होती तीच.

“काय ओ बाई,” तिनं विचारलं, “भांडण लागलं का त्यांचं?”

“हाव,” मी म्हणाले. “लागलं एकदाचं.”